गरम वाईन, मंद आच

आपल्या घरांत गॅसवर ठेवलेली पातळ वस्तू बहुतेक उकळायलाच ठेवलेली असते. चहा वर येईपर्यंत, काढा निम्मा आटेपर्यंत, दूध उतू जायच्या बेतात येईपर्यंत. वाईनचं तसं नाही. ती नुसती तापवायची, उकळू द्यायची नाही. हे एका ओळीत सांगता येतं, पण हाताला त्याची सवय लागायला अख्खी थंडी जावी लागते. माझी गेली. मसाल्याची वाईन आणि गुळाची रम, दोन्ही आता घरी नीट जमतात. ती कशी जमली ते सांगते.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सासर तासगाव तालुक्यातलं, बागायतदारांचं. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाईन पार्क झाले. त्या हवेत बऱ्याच जणांनी वाईनची द्राक्षं लावली. आण्णांनीही, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक एकर कॅबरने सोव्हिन्यो लावली होती. मणी बारीक, साल जाड, बी मोठी, रस गडद. खायला कुणी घ्यायचं नाही. पुढे २००८ नंतर मंदी आली, माल उचलणारं कुणी राहिलं नाही आणि ती बाग काढून तिथे पुन्हा थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं आली. बाग उभी होती तितकी वर्षं माल टेम्पोत भरायचा, वजनाची पावती खिशात घालायची, एवढाच त्या द्राक्षांशी घराचा संबंध. त्यांची पुढे झालेली वाईन घरातल्या कुणी चाखली नव्हती. मला याचं फार वाईट वाटायचं. ऊस पिकवणारा गूळ खातो, शाळू पिकवणारा भाकरी खातो. मग द्राक्षाच्याच वाट्याला असं का?

तरी बाटली चोरून आणायची नाही हे मी आणि यांनी आधीच ठरवलं होतं. आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) सरळ सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सणावाराला नको, पोरांच्या पुढ्यात नको, आणि पातेलं वेगळं ठेव. बाकी तुमचं तुम्ही बघा." तिन्ही अटी मला पटल्या, अजून पाळतो. परवान्याचंही तसंच. आपल्या राज्यात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. बरेच जण दुर्लक्ष करतात. आम्ही काढून घेतला. वाईन आणि बिअरसाठी वय एकवीस लागतं, रम-व्हिस्कीसाठी पंचवीस. घरची द्राक्षं आहेत म्हणून घरीच वाईन आंबवावी असं धाकटे भाऊजी म्हणत होते, पण विनापरवाना ते करता येत नाही. म्हणून वाईन विकतची, आणि घरी फक्त ती तापवायची.

मसाल्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तो वाया गेला नाही. आपला हात मसाल्याला सढळ. कांदा-लसूण मसाल्याच्या जिल्ह्यात लवंगा मोजून कोण टाकणार? इथे मात्र मोजाव्याच लागतात. मी काय केलं, एकेक मसाला वेगवेगळ्या कपात, नुसत्या पाण्यात उकळला आणि चव घेतली. चार लवंगांचं पाणी जीभ बधिर करतं. चक्रीफुलाला बडीशेपेचा गोडसर वास, पण दुसरं फूल पडलं की बाकी काही कळत नाही. वेलदोडा सोलून दाणे ठेचले तरच बोलतो. सुंठ घातली की कपात काढा तयार, म्हणून सुंठ बाद. दालचिनीत तर मोठा फरक निघाला. किराणा दुकानात मिळते ती जाड, कडक साल बहुतेक वेळा तज असते, तिखट आणि ठसकेबाज. पातळ, पापुद्र्या-पापुद्र्यांची गुंडाळी असते ती सिलोनची दालचिनी. वाईनला ही दुसरी बरी. मिरीचे दोन-तीन दाणे चालतात. रोमन लोकांच्या वाईनच्या जुन्या कृतीत मध, खजूर, केशर यांच्या जोडीला मिरी आहे, आणि ती मिरी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजांनी तिकडे जायची. हे वाचल्यावर मिरी वगळायला माझं मन झालं नाही.

मसाले सगळे अख्खे घ्यायचे, पूड नाही. पूड गाळणीतून निसटते, तळाशी बसते आणि शेवटचा घोट रेताड लागतो.

वाईन कुठली घ्यावी, तर लाल, कोरडी (म्हणजे गोड नसलेली), फळाच्या चवीची आणि स्वस्तातली. शिराज किंवा झिनफँडेल चालते. लाकडी पिंपात मुरवलेली महागडी बाटली यात घालू नये, तिचं सगळं मोठेपण लवंगेखाली दबून जातं. पोर्ट म्हणून मिळते ती गोड वाईन घेतलीत तर साखर अगदी नावाला घाला.

आता कृती. ७५० मिलीच्या एका बाटलीला मी दीड वाटी पाणी घेते. त्यात साठ-सत्तर ग्रॅम खडीसाखर, बोटभर दालचिनी, पाच लवंगा, दोन वेलदोडे, एक चक्रीफूल, मिरीचे तीन दाणे आणि एका नागपुरी संत्र्याची साल. सालीच्या आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकायचा, तो कडू असतो. हे पाणी खुशाल उकळायचं, दहा-बारा मिनिटं, निम्म्याच्या आसपास येईपर्यंत. उकळण्याची सगळी हौस इथेच भागवून घ्यायची. मसाल्याचा अर्क पाण्यात उतरला की आच अगदी बारीक करायची, संत्र्याचा रस घालायचा आणि मग वाईन ओतायची. इथून पुढे पातेल्यापासून हलायचं नाही. मी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर वापरते आणि साठ ते सत्तर अंशांच्या मध्ये ठेवते. थर्मामीटर नसेल तर नजर पुरते. वाफ निघाली पाहिजे, पण पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले की लगेच गॅस बंद. वीस मिनिटं अशी ऊब दिली की झाकण ठेवून थोडं मुरू द्यायचं आणि गाळून घ्यायचं.

पातेलं स्टीलचंच हवं. वाईन आंबट असते. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा अॅल्युमिनियममध्ये ती तापवली की धातूची चव उतरते, आणि तसं पोटात जाणंही बरं नाही. काचेच्या पातळ पेल्यात गरम ओतायचं असेल तर आधी आत स्टीलचा चमचा उभा ठेवावा. आम्ही सरळ चहाचे जाड कप वापरतो.

जर्मनीत नाताळच्या बाजारात मिळते ती ग्लूवाईन. युरोपीय संघाच्या नियमानुसार तिच्यात वरून पाणी घालता येत नाही आणि अल्कोहोल निदान सात टक्के राहावं लागतं. माझ्या कृतीत पाणी आहे, त्यामुळे तिकडच्या कायद्याने ही ग्लूवाईन ठरणार नाही. मला ती थोडी हलकीच आवडते. स्वीडनमध्ये याच जातीचं ग्लॉग करतात आणि कपात बेदाणे आणि सोललेले बदाम टाकून देतात. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बेदाणा म्हणजे आमची सांगली आणि तासगाव, भौगोलिक मानांकन मिळालेला, ज्याचे सौदे बघत इथली पोरं मोठी होतात. कपात दहा-बारा बेदाणे टाकले की वाईन पिऊन झाल्यावर चमच्याने खायला ते फुगून टम्म झालेले असतात. एक मात्र करा, बेदाणे आधी कोमट पाण्यात दोनदा धुवा. द्राक्षं सुकवायच्या आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवतात, पिवळ्या मालाला गंधकाची धुरीही देतात. बेदाणा करणाऱ्यांच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं, बाहेरच्यांना नसतं.

वाईनमध्ये साखरेऐवजी गूळ घालून पाहिला, कारण घरात गूळच असतो. रंग गढूळ होतो, खारट झाक येते आणि द्राक्षाची चव मागे पडते. वाईनला खडीसाखरच. गुळाची जागा रममध्ये आहे, आणि तिथे त्याला तोड नाही. रम होते उसाच्या मळीपासून, म्हणजे साखर कारखान्यातून साखर निघाल्यावर जे उरतं त्यापासून. गूळ, काकवी आणि रम ही एकाच उसाची भावंडं. गुऱ्हाळं सुरू झाली की आम्ही काकवी आणून ठेवतो. एका कपाला दोन चमचे काकवी, छोटा चमचा घरचं लोणी, दोन लवंगा, किसलेलं जायफळ चिमूटभर आणि मिठाचे दोन-चार कण. त्यावर दीडशे मिली कढत पाणी ओतून लोणी पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, आणि सगळ्यात शेवटी तीस ते पंचेचाळीस मिली रम. अमेरिकेत जुन्या काळापासून लोणी घालून गरम रम करतात, त्यावरूनच हे घेतलं. काकवी मात्र आमच्याकडची. लोणी नको असेल तर ते वगळून आल्याचा तुकडा आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. यांना तेच आवडतं.

रम पातेल्यात घालून गॅसवर कधीही तापवू नका. आपल्याकडच्या रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, आणि एवढ्या कडक दारूची वाफ पेट घ्यायला मोठी उष्णता लागत नाही, खोलीच्या तापमानाहून थोडी जास्त पुरते. गॅस बंद, पाणी कपात, मग रम. हा क्रम आमच्या घरात पक्का आहे.

आत्यांनी एकदा विचारलं, "उकळलं की त्यातली दारू उडून जाती ना गं? मग मी घेतली चमचाभर तर काय होतंय?" प्रश्न अगदी योग्य होता, कारण निम्म्या लोकांचा हाच समज असतो. निव्वळ अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असताना ते एकदम सगळं निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात आकडे आहेत. गरम पदार्थात घालून लगेच आचेवरून उतरवलं तर ८५ टक्के शिल्लक राहतं, पंधरा मिनिटं मंद उकळलं तरी चाळीस टक्के, आणि तासभर शिजवलं तरी पंचवीस. माझं पातेलं तर उकळतही नाही, म्हणजे त्यातली बरीचशी दारू कपात येते. आत्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून त्यांना मी नाही म्हणाले आणि त्यांनीही ऐकलं. त्यांच्यासाठी, जाऊबाईंसाठी आणि मुलांसाठी तोच मसाल्याचा अर्क काळ्या द्राक्षांच्या रसात घालते, वर थोडं लिंबू पिळते. पातेलं वेगळं, गाळणी वेगळी. त्यात साखर निम्मीच लागते, कारण रस मुळात गोड असतो.

अजून एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे थंडीत, सर्दीत, अगदी तान्ह्या बाळालाही चमचाभर ब्रँडी पाजणारी घरं मी पाहिली आहेत. माया असते त्यामागे, पण ते करू नका, बाळाच्या जिवावर बेतू शकतं. मोठ्यांनाही दारूने खरी ऊब मिळत नाही. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, म्हणून अंग तापल्यासारखं वाटतं, पण आतली उष्णता उलट बाहेर निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत पारा बारा-तेरावर उतरतो, द्राक्षाला पिंक बेरीची, म्हणजे थंडीने मणी गुलाबी पडण्याची धास्ती असते, तेव्हा बागेत रात्री शेकोटीपाशी बसून पिणारे बरेच असतात. पिऊन त्याच थंडीत गाडीवर बसणं म्हणजे दुहेरी धोका. आम्ही हे घरात, दार लावून, जेवणाबरोबर घेतो, आणि कुणालाही कुठे जायचं नसेल तेव्हाच. एका बाटलीत सहा कप होतात. माणशी एक, फार तर दीड.

आण्णांना पहिला कप दिला तेव्हा त्यांनी आधी वास घेतला. "कंच्या जातीची हाय?" म्हणाले. शिराज सांगितली. ते म्हणाले, "आमच्या कॅबरनेचा रंग ह्यापेक्षा गडद पडला असता." मग बाटलीवरचं लेबल चष्मा लावून वाचलं, गाव कुठलं ते पाहिलं, आणि छाटणी कधी, साखर किती उतरल्यावर तोड करायची, हे सगळं भाऊजींना समजावत बसले. त्या बागेबद्दल ते इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या वेळी कॅबरने आणली. रंग खरंच गडद होता, चव थोडी तुरट, म्हणून तिला खडीसाखर दहा ग्रॅम जास्त लागली आणि दालचिनी निम्मी.

उरली तर मसाले काढून, गाळून काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावी. लवंग आत राहिली तर दुसऱ्या दिवशी तिच्याशिवाय दुसरी चव लागत नाही. दोन-तीन दिवसांत संपवावी आणि पुन्हा तापवताना तीच बारीक आच. गाळलेल्या दालचिनीला अजून जीव असतो. ती धुवून वाळवून मी चहाच्या डब्यात टाकते.