एका दाताला आठवडा कशाला लागतो? तुम्ही विचारलंत म्हणून

मी डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे डॉक्टर तोंडात जी कॅप, ब्रिज नाहीतर कवळी बसवतात ती बनवणारी. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: एका दाताला आठवडा कशाला लागतो, आता तर सगळं मशीनवर होतं ना? बऱ्याच जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे हातात येणारी जवळजवळ एकही वस्तू आहे त्या मापात राहत नाही, सगळा वेळ त्यातच जातो. दातांचं माप, म्हणजे ठसा, अल्जिनेट नावाच्या लगद्यात घेतलं असेल तर त्यातलं पाणी उडत जातं आणि ते आकसतं, म्हणून ते ओलसर ठेवून लवकरात लवकर त्यात स्टोन, म्हणजे कडक होणारं प्लास्टर, ओतावा लागतो. तो स्टोन सेट होताना किंचित फुगतो. त्यावर मेणाचा दात घडवायचा तर मेण गार होताना आकसतं. मग त्या मेणाभोवती साचा करून, मेण जाळून त्या पोकळीत धातू ओतायचा, तर तोही थंड होताना आकसतो, म्हणून बाहेरचा साचा मुद्दाम तेवढाच फुगेल अशा बेताने भिजवायचा, त्यात घालायच्या लिक्विडचं प्रमाण जरा इकडेतिकडे झालं की कॅप एकतर बसतच नाही किंवा सैल होते. मूर्तिकार हजारो वर्षं असंच ओतकाम करत आलेत, दातांच्या कामात ते विल्यम टॅगार्टने १९०७ मध्ये आणलं, आणि इतक्या वर्षांनीही आमचा हिशोब आकसण्या-फुगण्याचाच आहे.

मशीनवरही हेच. झिरकोनिया, म्हणजे कॅपसाठी वापरतात ते पांढरं सिरॅमिक, कोरताना खडूसारखा मऊ असतो, आणि तेव्हा तो दात खऱ्या मापापेक्षा साधारण २० ते २५ टक्के मोठा कोरलेला असतो. मग भट्टीत १५०० अंशांच्या आसपास तासन्‌तास, आणि बाहेर येतो तेव्हा आकसून बरोबर मापाचा झालेला आणि कडक. किती मोठा कोरायचा हे सॉफ्टवेअर सांगतं, हे मी मोकळेपणाने मान्य करते, मशीनमुळे काम खरंच सुधारलंय. पण मार्जिन कुठे आहे ते शेवटी माणसालाच बघावं लागतं.

मार्जिन म्हणजे डॉक्टरांनी घासलेला दात जिथे संपतो ती रेषा, कॅपची कड तिथेच टेकली पाहिजे. आम्ही भिंगाखाली मॉडेलवर ती लाल पेन्सिलने काढतो, किंवा स्क्रीनवर पॉइंट देत देत. माप घेताना हिरडी मध्ये आली असेल किंवा रक्त आलं असेल तर एखाद-दोन मिलिमीटर ती रेषा दिसेनाशी होते. कामाला लागले तेव्हा मी एकदा अशी रेषा अंदाजाने जोडून टाकली. कॅप परत आली, कडेला फट, प्रोबचं, म्हणजे तपासायच्या अणकुचीदार हत्याराचं, टोक आत जात होतं. फटीत अन्न अडकतं आणि आतला दात परत किडतो, आणि ते वरून कोणाला दिसतही नाही. तेव्हापासून रेषा दिसली नाही तर मी डॉक्टरांना फोन करते आणि माप परत मागते. दोन दिवस जातात, डॉक्टर कधीकधी नाराज होतात, पण माझ्या मते दुसरा प्रामाणिक मार्गच नाही.

मग रंग. शेड गाईडवर, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुन्यांच्या पट्टीवर, ए-१ पासून डी-४ पर्यंत १६ शेड असतात, पण खरा दात कधी एका शेडचा नसतो, हिरडीजवळ गडद, मध्ये वेगळा, टोकाला जरा आरपार दिसणारा. पोर्सेलीनची पावडर कालवून ब्रशने थरावर थर चढवायचे, आणि कच्चं असताना त्यात खरा रंग दिसत नाही, तो भट्टीतून आल्यावरच कळतो, तोवर डोक्यातच धरून ठेवायचा. तेही आकसतं, म्हणून दात जरा जाडच रचायचा. समोरचे सहा दात एकदम करणं एक वेळ सोपं, पण समोरचा एकच दात करायला सगळ्यात कठीण, कारण त्याच्या शेजारी खरा दात उभा असतो. आणि हो, शेड कामाच्या सुरुवातीलाच घ्यायला हवी, तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो.

कवळीत तर घाई चालतच नाही. कवळी ज्या प्लास्टिकची करतात त्या ॲक्रिलिकमधलं लिक्विड १०० अंशांच्या आसपास उकळतं, साचा पाण्यात ठेवून तापवतात, ते पाणी भरभर तापवलं की आत बुडबुडे धरतात आणि कवळी सच्छिद्र होते. म्हणून ७४ अंशांवर रात्रभर ठेवायचं, आणि नंतर गारही आपोआप होऊ द्यायचं, गरम असतानाच उघडली तर वाकते.

एक गोष्ट सांगायची राहिली. ज्यांच्यासाठी हे करतो ती माणसं आम्हाला बहुतेक वेळा दिसतच नाहीत, येतं ते फक्त माप आणि चिठ्ठी. मागच्या आठवड्यात एका कवळीबरोबर एका आजींचा तरुणपणीचा फोटो आला, चिठ्ठीत लिहिलेलं, "डावा दोन नंबर फोटोसारखा". मधून डावीकडचा दुसरा, तो दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता. मी आधी सगळे दात मेणात सरळ लावून घेतले, बाईट, म्हणजे वरचे-खालचे दात कसे टेकतात ते, बघितलं, मग स्पॅट्युला तापवून त्या एकाच दाताखालचं मेण सैल केलं आणि दात थोडासा वळवला, फोटो बघितला, परत थोडासा वळवला. मेणातच ते तोंडात लावून बघायला, ट्रायलला, गेलं. काल परत आलं तेव्हा चिठ्ठीवर होतं, आजींनी आरशात बघितलं आणि याला आता हात लावू नका म्हणाल्या.

आत्ता ती कवळी फ्लास्कमध्ये, म्हणजे साच्याच्या डब्यात, आहे, पाण्यात, ७४ अंशांवर. उद्या पूर्ण गार झाली की उघडेन.