पाणी कुठवर आलं?

"बाई, घरी गाडी असताना सायकलवर कामून हिंडता? आणि या सपाट रानात बघायला आहे तरी काय?"

हा प्रश्न मला पारावर विचारतात, शाळेत विचारतात, दिवाळीला पुण्याहून येणारे पाहुणे तर दरवर्षी विचारतात. बरीच वर्षं मी "तब्येतीला बरं असतं" असं सांगून मोकळी होत होते. खरं उत्तर ते नव्हतं. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं, गंगथडीचं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गावाच्या वरच्या अंगाने जायकवाडीचा डावा कालवा जातो. त्या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५च्या ऑक्टोबरात झाली, आणि पैठणहून निघालेला हा डावा कालवा २०८ किलोमीटर चालत जालना ओलांडून परभणी जिल्ह्यात जातो. उजवा १३२ किलोमीटरचा, तो नदीपलीकडे बीडच्या बाजूला. एवढ्या लांब पाणी न्यायचं ते पंपाने नाही, त्याच्या त्याच्या वजनाने. म्हणून कालव्याला उतार जेमतेमच ठेवलेला असतो. मध्ये उंचवटा आला की तो वळसा घेतो, पण चढ घेत नाही. त्याच्या भरावावरून जी मुरमाची वाट जाते तीही तशीच. पाण्याला चढता येत नाही, म्हणून सायकलवाल्यालाही चढावं लागत नाही. माझ्या सायकलला गिअर नाहीत आणि इतक्या वर्षांत त्यांची गरज पडलेली नाही.

ही वाट मला आठवीतल्या एका मुलीने दाखवली. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या तेव्हाची गोष्ट. तिची वस्ती शाळेपासून चारेक किलोमीटरवर. डांबरी रस्त्याने ती येत नसे, आणि का ते मला विचारावंही लागलं नाही. साखर कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जातात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, वर मोठ्याने गाणी. पाठीमागून तो आवाज आला की सायकल साइडपट्टीवरून खाली घालावी लागते, आणि साइडपट्टी सगळीकडे असतेच असं नाही. ती मुलगी आधी पाणंदीने, मग पाटाच्या वाटेने यायची. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्या मागोमाग गेले. वस्तीपर्यंतच्या सगळ्या वाटेत आम्हाला एक मोटारसायकल आणि शेळ्यांचा एक कळप भेटला. गाड्या अजिबात येत नाहीत असं म्हणणार नाही. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची फटफटी असते, मोसंबी भरायला पिकअप येतो. पण घाईने कुठे जायचं असलेला माणूस या वाटेला लागत नाही. त्यामुळे मागे वळून बघायची सवय सुटते. पहिल्या काही दिवसांत मला सगळ्यात मोठा फरक हाच जाणवला. मान मोकळी झाली, आणि ती बाजूला बघायला लागली.

बाजूला मोसंबी आहे. गाडीतून ती नुसती हिरवी दिसते. सायकलवरून कळतं की प्रत्येक बाग वेगळ्या दिवसात आहे. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, धरणारा शेतकरी नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडतो. झाडं मलूल होतात, पानं पिवळी पडून गळायला लागतात. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, बाग गेली. हा ताण मुद्दाम दिलेला असतो. तो बसला, की आधी आंबवणीचं हलकं पाणी, मग चिंबवणीचं, आणि जानेवारी संपता संपता फूट आणि कळी एकदमच येते. शेजारचा मृग बहारवाला, म्हणजे पावसाच्या सुरुवातीची फुलं धरणारा असतो, त्याची झाडं तेव्हा फळांनी वाकलेली, बांबूच्या टेकूवर उभी. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे या दोन बागांच्या मधून जा. वारा पडलेला असतो, गारठ्याने वास जमिनीलगत दबून राहतो, आणि मोसंबीच्या फुलांचा तो वास पाणंदीच्या एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंत सोबत येतो. गाडीची काच खाली केली तरी तो मिळणार नाही, कारण गाडी त्या वेगाने जाऊच शकत नाही.

यायचं मनात असेल तर दोन-चार गोष्टी लक्षात ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये आठच्या आत घरी परतायचं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि कालवा पूर्वेकडे वाहतो, म्हणून त्या दिवसांत आधी पैठणच्या दिशेने जा. दम आहे तोवर वाऱ्याशी झगडा, येताना तोच तुम्हाला घरी आणतो. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या रानात शिरू नका. माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं. वेड्या बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो, तेव्हा जादा ट्यूब आणि हवेचा पंप हवाच. एवढं मात्र आवर्जून सांगते: अस्तर केलेल्या कालव्याच्या उतारावर पाय धुवायला उतरू नका. शेवाळावरून पाय गेला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पाय धुवायचे तर गंगा आहे, आपेगाव आहे. ज्ञानेश्वरांचं ते गाव नदीकाठीच आहे, घाटावर बसून डबा खाता येतो.

पण मूळ प्रश्न राहिला, बघायला काय आहे.

२०१२ साली पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, शेतीला सोडण्याजोगं पाणी उरलं नाही, कालव्याच्या पाळ्या बंद झाल्या. आमच्याकडे सोयरे भेटले की आधी "नाथसागर किती टक्के?" विचारतात, मग तब्येत. त्या वर्षी कुणी विचारेना. २०१३च्या उन्हाळ्यात मी त्याच वाटेवरून जायचे. कालव्याच्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती, अस्तराच्या फटींतून वाळलेलं गवत वर आलं होतं. बागांना बसलेला तो ताण आता कुणी मुद्दाम दिलेला नव्हता. काहींनी टँकरने पाणी आणलं, खोडाभोवती उसाचं पाचट पसरलं, फांद्या छाटून निम्मं झाड तरी जगवायचा प्रयत्न केला. बाकीच्यांनी कुऱ्हाड लावली. मोसंबीचं झाड चांगलं फळायला पाच-सहा वर्षं जातात. मुलं शाळेत घातली तेव्हा लावलेली बाग त्यांच्या कॉलेजच्या फीच्या वर्षी बांधावर सरपण होऊन पडली होती. कापलेलं लाकूड आतून पिवळसर असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या वर्षी हिंडायचं कशाला, असं घरच्यांनी विचारलं. मी सायकल घेऊन जात राहिले. ज्या वाटेने सुखात गेलो तिच्याकडे त्याच दिवसांत पाठ फिरवणं मला जमलं नाही.

पुढे एका हिवाळ्यात पैठणहून पाणी सुटल्याची बातमी आली. रविवार होता. मी पश्चिमेला निघाले आणि गावापासून बऱ्याच अंतरावर मला ते भेटलं.

कोरड्या कालव्यात येणारं पहिलं पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. लाट वगैरे नसते. एक मळकट, फेसाळ काठ पुढे सरकत येतो. त्याच्यापुढे वाळलेली पानं, काटक्या, कुणाची तरी चप्पल. आणि आवाज कुरकुर असा, पाण्याचा कमी आणि कचऱ्याचा जास्त. भेगांमधून किडे, बेडूक बाहेर पडतात आणि ते टिपायला बगळे पाण्याच्या पुढेपुढे चालतात. त्या काठाचा वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी होता. सायकलवर मी सारखी पुढे जायची. मग प्रत्येक पुलावर उतरून त्याची वाट बघायची. पाणी पुलाखाली आलं की पुढच्या पुलाकडे. अशी मी सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यासोबत होते.

पुलावर माणसं उभी होती. "बाई, पाणी कुठवर आलं?" मी सांगायची. पुढच्या पुलावर तोच प्रश्न. फोन सगळ्यांच्या खिशात होते, पण डोळ्यांनी बघून आलेलं माणूस त्या वाटेवर मी एकटीच होते. मला त्या दिवशी माझ्या हिंडण्याचा अर्थ कळला. पाणी कुठवर आलं, कुणाच्या रानात पोचलं, कुठे अडलं, कुणाची बाग फुटली, कुणाची राहिली, हे मी बघायला जाते. माझा मुलूख सपाट आहे म्हणून त्यात पाणी असं हातभर अंतरावरून चालताना दिसतं. आणि त्याच्या सोबत राहायचं तर सायकलच लागते. पायी दमायला होतं, गाडीला थांबता येत नाही.

कालव्यातून रानात पाणी नेणारी छोटी वाट म्हणजे चारी. तिच्या शेवटाला आमच्याकडे टेल म्हणतात. टेलला पाणी पोचणं हा नेहमीचाच घोर. त्या दुपारी मी शेवटी तिकडे वळले तर एक म्हातारेबाबा बांधावर बसले होते. त्यांची तीस-पस्तीस झाडं दुष्काळातून राहिली होती.

"कुठवर आलंय, माय?"

"बाबा, मोठ्या कालव्याला तिसऱ्या पुलाच्या मागं आहे अजून."

"वेग कसाय?"

"माणूस चालतो त्याहून हळू."

त्यांनी मनाशी हिशेब केला. मग टॉवेल डोक्याला बांधला, खोरं उचललं आणि चारीत उतरले. गेल्या दोन वर्षांत चारी गवताने भरून गेली होती. मी सायकल बांधाला टेकवली, ओढणी खोचली आणि दुसऱ्या टोकाकडून गवत उपटायला लागले.