तांडेलाला बोट लागेल कशी?

हर्णै बंदरातनं फोन आला, तांडेलाला (बोट चालवणारा म्होरक्या) घेऊन येतोय, रात्रीपासून उलट्या होतायत, बोट लागली असेल. आता मला सांगा, ज्याची हयात समुद्रात गेली त्याला बोट लागेल कशी? तिथंच मनात पाल चुकचुकली.

दापोलीत आमच्या इमर्जन्सीला उतरवलं तर माणूस घामानं चिंब, नाडी 48, बीपी कसंबसं 90, आणि हात छातीवर नाही तर बेंबीच्या वर. "पित्त झालंय ओ मॅडम, कालचं कालवण तिखट होतं." ईसीजी काढला तर हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या टू, थ्री, एव्हीएफ ह्या तिन्ही लीडमध्ये एसटी, म्हणजे आलेखातली ठोक्यानंतरची रेघ, वर. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक. ह्यात पोटातच दुखल्यासारखं वाटतं, मळमळतं, नाडी मंदावते, भलेभले फसतात. सोबतचा खलाशी कुणीतरी दिलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी हार्टची गोळी, त्याच्या जिभेखाली ठेवायला निघालेला, ती आधी काढून घेतली, कारण बीपी एवढं कमी असताना, त्यात हृदयाची उजवी बाजूही सापडली असेल तर त्या गोळीनं ते धाडकन पडतं. ॲस्पिरिन चावायला दिली, सलाईन लावलं, गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं.

दुखायला लागलेलं रात्री दीडला, 30 वाव (साधारण 55 मीटर) खोल पाण्यात. आधी जाळं ओढलं (ह्यानंच उभं राहून!), मग इनो, मग परतीची वाट, आणि ट्रॉलर पळून पळून किती पळणार, ताशी 7-8 सागरी मैल. इंजेक्शन 12 तासांपर्यंत देतात पण खरा फायदा पहिल्या 2-3 तासांत, ते तर पाण्यातच गेले. वायरलेसवर चॅनल 16 ला, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, कोस्ट गार्डला का नाही सांगितलं विचारलं तर खलाशी म्हणतो, पोटात दुखतंय म्हणून कोस्ट गार्डला कोण बोलावतं?

बीपीच्या गोळ्या होत्या, घरी कपाटात. लोकांना वाटतं रोज ताजी मासळी खाणाऱ्याच्या हार्टला काय होणार, पण दर तीन-चार तासांनी जाळं ओढायला उठायचं, झोप तुकड्या-तुकड्यात, तंबाखू कायम गालात, हे कोण बघतं.

तासाभरात दुखणं उतरलं, एसटी खाली आला, अँजिओग्राफीसाठी पुढं पाठवलं.

नंतर बोटमालक आले, बोटीवर काय ठेवू विचारायला. म्हणलं ॲस्पिरिन ठेवा, आणि चाळिशीपुढच्या माणसाला घाम फुटून छातीत नाहीतर पोटात दुखलं की वायरलेसवर सांगा, जाळं तोडा आणि बोट वळवा. गोळीला लगेच हो म्हणाले. जाळ्याचं ऐकून मात्र, "मॅडम, लाखाचं जाळं असतं ते." त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.