नाक्तखेबोरन आणि डोईफोडे

दर दोन वर्षांनी अंबाजोगाईला गेलं की चुलत सासूबाईंपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यापर्यंत सगळे एकच विचारतात. थंडी किती, पगार किती, हे नंतर. आधी, "काय हो, तुमच्या तिकडं लोकांचं आडनावच नागडं असतंय म्हणे?" कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं. नेपोलियननं हॉलंडमध्ये आडनावांची सक्ती केली, लोकांना वाटलं हे फ्रेंचांचं खूळ चार दिवसांचं, म्हणून त्यांनी थट्टेनं तोंडाला येईल ते लिहून दिलं. मग नेपोलियन गेला आणि नावं मात्र बोकांडी बसली. खरं का हे? इथे हॉलंडातल्या डेल्फ्टमध्ये मराठी मंडळी दिवाळीच्या फराळाला जमली तरी चकली मोडता मोडता कुणीतरी हाच विषय काढतं. दरवेळी अर्धवट उत्तर देऊन मी चहा टाकायला उठते. आता एकदाचं नीट सांगून टाकते, तुम्ही विचारलंत म्हणून.

आडनाव खरं आहे. नाक्तखेबोरन. 'नाक्त' म्हणजे नागडा, 'खेबोरन' म्हणजे जन्मलेला. यातला 'ख' घशात अडकलेला माशाचा काटा काढताना येतो तसा. गंमत म्हणजे हे 'नाक्त' आणि आपलं 'नग्न' ही भावकीतलीच, दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून आलेत. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

आणि ऐकलं ते अगदी नको त्या ठिकाणी: पोहण्याच्या तलावावर. इथे घरोघरी कालवे, त्यामुळे मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला पोहायला घालतात आणि शेवटी परीक्षा होते. पहिल्या डिप्लोम्याच्या परीक्षेत पोरांना अंगभर कपडे आणि पायात बूट घालून पाण्यात उडी मारावी लागते. कालव्यात पडणारं पोर काही पोहण्याची चड्डी घालून पडत नाही, हा त्यामागचा हिशोब. आमची मुलगी त्या दिवशी जीन्स आणि बूट घालून काठावर कुडकुडत उभी होती, मी काचेपलीकडच्या बाकावर. माइकवरच्या बाईंनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. चार-पाच नावांनंतर आलं नाक्तखेबोरन. नागडा जन्मलेला पोरगा फुल शर्ट, फुल पँट, बूट अशा जामानिम्यात धपकन पाण्यात! मला हसू आवरेना. आजूबाजूला पाहिलं तर कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नाही.

मग आमची पाळी आली. बाई थांबल्या. कागद जवळ नेला, लांब नेला. काहीतरी म्हणाल्या, जे डोईफोडे नव्हतं. तेव्हा मात्र सगळं बाकडं वळून माझ्याकडे बघायला लागलं.

शेजारी त्या मुलाचे आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, या आडनावाचा अर्थ काय? मी सांगितलं, डोकं फोडणारे. आजोबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. म्हटलं, आता आपल्यालाही विचारायला हरकत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या नावाचा नागडेपणाशी काही संबंध नसावा. जर्मन भाषेत 'नाखगेबोरन' असा शब्द आहे. 'नाख' म्हणजे नंतर, म्हणजे नंतर जन्मलेला. बाप वारल्यावर जन्माला आलेलं मूल. डच कानाला ते 'नाख' परकं वाटलं आणि जवळपासचा ओळखीचा शब्द तिथे जाऊन बसला, नाक्त. मी ही आजोबांची घरगुती दंतकथा समजले होते, पण इथले नामशास्त्राचे अभ्यासकही साधारण हेच स्पष्टीकरण देतात. ज्यावर दोनशे वर्षं लोक फिदीफिदी हसताहेत, ते बहुधा पोटात असतानाच बापाविना झालेल्या कुणा पोराचं नाव. मेडिकलवाल्याला हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण नागडं जास्त भारी होतं."

आता नेपोलियनकडे येते. १८१० मध्ये त्यानं हॉलंड फ्रान्सला जोडून टाकलं. १८ ऑगस्ट १८११ चा त्याचा हुकूम: ज्याला कायमचं आडनाव नाही त्यानं ते घ्यावं आणि गावच्या मेयरपुढे जाऊन नोंदवावं. कारण उघड आहे, कर वसूल करायचा आणि पोरं सैन्यात भरती करायची तर कोण कोणाचा ते कळायला हवं. इथवर मोबाइलवरची गोष्ट बरोबर आहे. पुढे घसरते. देशाच्या पश्चिमेकडच्या शहरांत बहुतेकांना तोवर आडनावं होतीच, काहींना तर शेदोनशे वर्षांपासून. नव्यानं घ्यावी लागली ती जास्त करून उत्तरेला आणि पूर्वेला, फ्रीसलांडसारख्या भागात आणि ज्यू कुटुंबांत. फ्रीसलांडमध्ये तेव्हा नुसतं स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच चालायचं. यान पीटर्स म्हणजे पीटरचा यान, त्याचा मुलगा पीटर यान्स. आपल्या जुन्या कागदांत 'कृष्णाजी बिन बाळाजी' असतं ना, अगदी तसं. अशा लोकांना हुकुमाची फारशी फिकीरही नव्हती. १८१३ मध्ये तो पुन्हा काढावा लागला, आणि नेपोलियन जाऊन दहा वर्षं उलटल्यावर १८२५ मध्ये डच राजा पहिला विलेम यानं तिसऱ्यांदा काढला. म्हणजे फ्रेंच गेल्यावर नावं सोडून द्यायची मुभा कुणाला मिळाली नाही, उलट आपलाच राजा मागे लागला.

आणि नवी नावं घेताना लोकांनी घेतली ती कमालीची साधी. बापाचं नाव, गावाचं नाव, धंद्याचं नाव. 'फान दाइक' म्हणजे बांधाकडचा. आपल्याकडे असता तर बांधकर झाला असता. 'बाकर' पाव भाजणारा. 'दे फ्रीस' फ्रीसलांडचा. सरकारी माणसापुढे उभं राहून, पुढे कर आणि लष्कर दिसत असताना, कोण शहाणा स्वतःच्या पोराबाळांच्या नावाची थट्टा करील? नाक्तखेबोरन हे तर नेपोलियन जन्मायच्या आधीपासूनचं नाव. ज्याला चिडवायला नाव घेतलं म्हणता, तो अजून पाळण्यातही नव्हता.

तरी इथली काही आडनावं ऐकून मजा वाटते हे खरं. 'झोंडरलांड' म्हणजे बिनजमिनीचा. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये हॉरिझाँटल बारवर सुवर्णपदक मिळवणारा एप्के झोंडरलांड याच नावाचा, फ्रीसलांडचाच. बिनजमिनीचा माणूस हवेतच राहून सोनं घेऊन आला. 'नोइतखेदाख्त' म्हणजे कधी वाटलं नव्हतं. माझं सगळ्यांत आवडतं 'नीमांत्सफरद्रीत', कुणाचंच दुःख नाही. त्यात एक नाक्तखेबोरन आडनावाचे जीवशास्त्रज्ञही होऊन गेले, आणि त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला तो कशाचा, तर प्राण्यांच्या बाळंतपणाचा. हे मी रचलेलं नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: अशी किती माणसं आहेत? हे मोजण्याची इथे सोय आहे. डच भाषा आणि संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटनं आडनावांची एक पेढीच उभी केली, ती आता कुणालाही घरबसल्या पाहता येते. तीन लाखांहून जास्त आडनावं. नाव टाकायचं, की १९४७ च्या जनगणनेत ते किती जणांचं होतं आणि २००७ मध्ये किती जणांचं, हे समोर येतं. सोबत नकाशा, ज्या गावात जास्त तिथे रंग गडद. 'दे यॉंग' सगळ्यांत वर, ऐंशी हजारांच्या पुढे. नाक्तखेबोरन त्यापुढे मूठभर. आणि तळाशी अशी नावं, जिथे आकडाच नाही, फक्त 'पाचपेक्षा कमी'. नेमकं सांगितलं तर माणूस ओळखू येईल म्हणून लपवलेलं. मी रात्री स्वयंपाकघर आवरून झालं की ही नावं चाळत बसते. तीन किंवा चार माणसं, बहुधा म्हातारी, आणि त्यांच्यानंतर ते आडनाव नाही.

एवढ्याशा देशात तीन लाख आडनावं आली कुठून? काही स्पेलिंगच्या एकेका अक्षरावरून फुटलेली, काही बाहेरून आलेली. त्यात आपल्या लोकांचाही वाटा आहे, फक्त फिरून आलेला. १८७३ मध्ये कलकत्त्याहून 'लाला रुख' जहाज सुरीनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत गेलं आणि १९१६ पर्यंत बिहार-उत्तर प्रदेशातले चौतीस हजारांवर मजूर तिथे नेले गेले. त्यांची एकेरी नावंच पुढे आडनावं झाली, आणि नातवंडं-पतवंडं हेगमध्ये आल्यावर ती डच यादीत बसली. कारकुनाला ऐकू आलं तशी.

आणि कमी कशी होतात? मुलगे झाले नाहीत की नाव संपतं, हा सरळ हिशोब. लग्नाच्या जोडप्याच्या मुलांना १९९८ पर्यंत बापाचंच आडनाव लागायचं. तेव्हापासून आईचं देता येतं, आणि १ जानेवारी २०२४ पासून दोघांचं जोडूनही. नको असलेलं नाव बदलताही येतं. 'अशोभनीय किंवा हास्यास्पद' हे कायद्यातच दिलेलं कारण आहे, आणि मंजुरी राजाच्या हुकमानं मिळते. म्हणजे नाक्तखेबोरन मंडळींना सुटका हवी असती तर दार उघडंच आहे. मी त्या आजोबांना म्हटलं तसं. ते म्हणाले, "तुम्ही बदललं का?"

थट्टेची आडनावं मुळी नाहीतच असं मात्र नाही. आहेत. फक्त ती स्वतः कुणी घेतलेली नाहीत. डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, गोऱ्या साहेबाला तिथल्या बाईपासून मूल झालं आणि लग्न केलेलं नसलं, की कधीकधी साहेब आपलं आडनाव उलटं करून मुलाला द्यायचा. 'व्हेरमेर' रोमन अक्षरांत लिहून शेवटच्या अक्षरापासून वाचलं की 'रेमरेव्ह' होतं. असं आडनाव खरंच आहे. 'रीम्सदाइक'चं 'काइद्समीर' झालं. बाप आहे, पण आरशात. सुरीनाममध्ये गुलामांना मुक्त करताना वसाहतीतल्या प्रतिष्ठित घराण्यांची नावं देता यायची नाहीत, म्हणून 'विल्केन्स'चं 'केन्सविल' झालं, 'दे फ्रीस'चं 'फ्रीस्दे'. १ जुलै १८६३ ला गुलामगिरी संपली तेव्हा तीस हजारांवर माणसांना एकदम आडनावं लागली. त्यात 'मद्रेत्स्मा' नावाचं एक आहे: ॲम्स्टरडॅम, उलटं. नेपोलियनची गोष्ट सांगून हसणारा कुणी ही नावं सांगत नाही.

रेमरेव्ह घराण्यातला एक सरकारी वकील १९०३-०४ मध्ये सुमात्राच्या डेलीतल्या मळ्यांवर चौकशीला गेला. मजुरांना कसं मारतात, कसं कोंडतात याचा त्यानं जो अहवाल लिहिला तो सरकारनं दाबून ठेवला. तो छापून लोकांपुढे आला १९८७ मध्ये, यान ब्रेमन या समाजशास्त्रज्ञामुळे. हेच ते ब्रेमन, ज्यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांवरही लिहिलंय. आमच्या अंबाजोगाईकडून दर दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात, त्यामुळे हे वाचताना मला तो अहवाल फार लांबचा वाटला नाही.

आडनावाचा अर्थ विचारणं ही इथे निव्वळ गंमत असते, हे मला फार उशिरा उमगलं. आपल्याकडे "पूर्ण नाव काय?" म्हणून जो थांबतो, त्याला बहुतेक वेळा दुसरंच काही जाणून घ्यायचं असतं. डोईफोडे म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर हिशोब चाललेला मला दिसायचा. त्या बाकड्यावर आजोबा नुसतेच हसले, तेव्हा मला आधी खटकलं, मग बरं वाटलं.

परीक्षेनंतर पोरांना डिप्लोमे वाटले. मुलीनं तो घरी येऊन फ्रिजवर लावला, तेव्हा मी नीट पाहिलं. आडनावातल्या 'ओ'च्या जागी 'यू' टाइप झाला होता. डच भाषेत त्या अक्षरांचा उच्चार होतो 'डाउफ', म्हणजे पारवा. टाइप करणाऱ्याला डोई ठाऊक नाही, पारवा ठाऊक आहे. बोटं आपोआप तिकडे वळली. डाउफोडे.

"बदलून आणू या का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि पेन घेऊन कोपऱ्यात एक पारवा काढायला बसली.