आरन्मुळ्याची नौकायात्रा: जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

केरळातली नौकाशर्यत म्हटलं की बहुतेकांना आलप्पुळाची नेहरू ट्रॉफी आठवते. वेग पाहायचा असेल तर तीच पाहावी. आम्ही मात्र ठरवून आरन्मुळ्याला गेलो, कारण पंपा नदीवरच्या इथल्या नावा देवाच्या आहेत. देव पार्थसारथी, म्हणजे अर्जुनाचं सारथ्य करणारा कृष्ण. या नावांना 'पळ्ळियोडम' म्हणतात. प्रत्येक नाव एकेका गावाची, तिथल्या शब्दात 'करे'ची. अशा 52 करांची ही परंपरा आहे. चप्पल घालून नावेत कुणी पाय ठेवत नाही.

उत्सव ओणमनंतर चौथ्या दिवशी, उत्तराभाद्रपदा नक्षत्रावर असतो. तारीख दरवर्षी बदलते आणि पुष्कळदा गणपतीच्या आसपास येते, तेव्हा घरात गणपती बसत असेल तर आधी पंचांग पाहा. जवळचं स्टेशन चेंगन्नूर, तिथून आरन्मुळा दहा-बारा किलोमीटर. पुणे-कन्याकुमारी गाडी थेट चेंगन्नूरला उतरवते. कोकणातून येणारी नेत्रावती आलप्पुळामार्गे जाते, त्यामुळे एर्णाकुळमला गाडी बदलावी लागते. ओणमच्या गर्दीत ऐनवेळी तिकीट मिळण्याची आशा धरू नका.

शर्यतीइतकाच, खरं तर त्याहून जास्त, वेळ वळ्ळसद्येसाठी राखून ठेवा. नवस फेडायला भाविक एखाद्या करेच्या वल्हेकऱ्यांना जेवू घालतात, ती ही पंगत. नाव गात-गात घाटाला लागते, समई आणि वाद्यांनी स्वागत होतं, मंडळी गातच देवळाला प्रदक्षिणा घालतात आणि केळीच्या पानावर बसतात. पदार्थ साठाहून अधिक. पण काही पदार्थ मागायचे ते गाण्यातूनच! एकजण ओळ म्हणतो, बाकीचे उचलून धरतात आणि वाढपी तो पदार्थ घेऊन धावत येतो. नाही म्हणायचं नसतं, कारण पंगतीत कृष्ण स्वतः जेवायला बसलेला असतो अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथे परकं वाटणार नाही. हा हंगाम पावसाळ्यात सुरू होऊन बरेच आठवडे चालतो. पंगतीत बसायला पास लागतो, त्याची चौकशी निघण्याआधीच करा. गोकुळाष्टमीच्या सुमारास अष्टमीरोहिणीला मात्र सामूहिक वळ्ळसद्या असते, ती सगळ्यांना खुली.

शर्यतीच्या दिवशी आधी नावांची मिरवणूक निघते. माझ्या मते पाहायची आणि ऐकायची ती हीच. नावेचा मागचा भाग पाण्यापासून उंच उचललेला, तिथे उभे राहून सुकाणू सांभाळणारे, मधोमध रंगीत छत्र्या, पांढऱ्या मुंडूतले, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या लुंगीसारख्या वस्त्रातले, शंभरच्या आसपास लोक आणि त्यांची वंचिपाट्ट, म्हणजे नावेची गाणी. वल्ही गाण्याच्या तालावर पडतात; ताल चुकला तर नावही अडखळते. नंतरच्या शर्यतीत मन्नम ट्रॉफीसाठी चुरस असते, पण काठावरचा माणूस आपल्या करेचं गाणं कसं झालं हेही तितक्याच हिरिरीने बोलतो.

दुपारी सुरू होणाऱ्या कार्यक्रमासाठी सकाळीच काठ गाठा. छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही, म्हणून रेनकोट बरा. मातीचा काठ निसरडा असतो, लहान मुलांचा हात सोडू नका. देवळात पुरुषांना सदरा काढावा लागतो. मुंडू किंवा धोतर जवळ असू द्या. उत्तरेच्या गोपुरातून 57 पायऱ्या नदीकडे उतरतात, गुडघे दुखणाऱ्यांनी पूर्वेच्या 18 पायऱ्यांनी यावं.

परतताना आरन्मुळा कण्णाडी जरूर पाहा. तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाचा, घासून-घासून चमकवलेला हा धातूचा आरसा इथेच बनतो. महाग असतो, म्हणून घेताना नखाचं टोक आरशाला टेकवा. नख आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर ती साधी काच आहे. दोन्ही एकमेकांना भिडली तरच पैसे द्या.