कळमेश्वरच्या मुक्कामी आलेली पिशवी

आषाढी एकादशीला पंढरपुरात असलेला विठ्ठल वद्य प्रतिपदेला धापेवाड्यात येतो, अशी आमच्या विदर्भात श्रद्धा आहे. त्यामुळे येथील यात्रा एकादशी उलटून गेल्यावर भरते, आणि ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही त्या माझ्यासारख्यांची वारी याच गावी रुजू होते. नागपूरहून अंतर चाळीसेक किलोमीटर. चतुर्दशीला पहाटे काटोल नाक्यावरून निघायचे, फेटरीला दुपारची भाकरी खायची, रात्री कळमेश्वरला मुक्काम करायचा आणि पौर्णिमेला धापेवाड्यात पोहोचायचे, असा आमच्या दिंडीचा क्रम आहे.

माझ्या हातातला टाळ वडिलांचा होता. त्यातल्या एका वाटीला काठापासून आत शिरलेली, करंगळीच्या नखाएवढी चीर पडली होती आणि त्यामुळे तो बद्द वाजत असे. इतवारीतल्या एका जुन्या कारागिराला मी तो दाखवला होता. तांब्यात कथील मिसळून कांसे होते, त्या कथलानेच टाळाला खणखणीतपणा येतो आणि त्यानेच धातू ठिसूळही होतो, असे सांगून त्याने टाळ परत केला. आच दिली तर चीर पुढे सरकेल, तेव्हा वितळवून नवा ओतणे एवढाच उपाय, असे त्याचे म्हणणे पडले. वडिलांचा टाळ वितळवण्याचा विचार मला सहन झाला नाही, म्हणून मी गेली सहा वर्षे तोच वाजवत होतो. दिंडीत कोणी कधी तक्रार केली नाही.

यंदा फेटरीपासून पावसाने झोडपले. काळ्या मातीचा चिखल चपलांना चिकटून पाय जड झाले होते, दोन्ही बाजूंच्या शेतांत कपाशी नुकतीच वर आली होती, आणि कळमेश्वरला पोहोचेपर्यंत हरिपाठ म्हणण्याइतकाही आवाज आमच्यात उरला नव्हता. झुणका-भाकरीच्या पंगतीत बसलो असतानाच गावातला एक मुलगा कापडी पिशवी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"हे तुमचं हाय जी. पिशवीवर नाव हाय."

"कोणी दिलं बाळा?"

"थे मले नाई माहीत. गाडीवर होते, रेनकोट होता, देऊन निघून गेले."

पिशवीवर खरोखरच माझे आडनाव होते आणि त्यापुढे शाईने 'टाळवाले' असे लिहिले होते. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कांशाचा नवा टाळ होता, त्याला लाल दोरी ओवलेली होती. आयुष्यभर सरकारी हिशेबाच्या कारकुनीत काढल्यामुळे माझा हात आधी पावती शोधू लागला. पावती नव्हती, किमतीची चिठ्ठी खरवडून काढल्याची खूण मात्र होती. वर्तमानपत्राच्या समासातही मी काही लिहिले आहे का ते पाहिले, हे सांगायला आता संकोच वाटतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेच्या व्हरांड्यात शेजारी घोरणाऱ्या प्रत्येकाकडे मी संशयाने पाहत होतो. वीणेकरी बुवांची ऐपत नाही. माझ्यापुढे चालणारे, किराणा दुकान चालवणारे गृहस्थ देतील, पण दिल्याचे गावभर सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. पहाटे कधीतरी एक वेगळीच शंका मनात आली आणि तिने मला उठूनच बसवले: ही भेट प्रेमापोटी आली आहे की सहा वर्षे माझा बद्द टाळ ऐकून कोणाचे तरी कान किटले म्हणून? दान आणि तक्रार एकाच पिशवीत बांधून पाठवता येते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. आभार मानायचे की क्षमा मागायची, हे ठरत नव्हते आणि दोन्हींसाठी समोर माणूसही नव्हता.

सकाळी वडिलांचा टाळ पंचात गुंडाळून झोळीत ठेवला आणि नवा हातात घेतला. पहिल्याच ठोक्याला पुढची रांग मागे वळून पाहू लागली, इतका तो स्वच्छ वाजला. धापेवाड्याजवळ नदी दिसली (आमच्याकडे तिलाही चंद्रभागाच म्हणतात) तेव्हा ऊन पडले होते. संत कोलबास्वामींच्या या गावात शिरताना दिंडीचा जोर वाढतो, पावले पडू लागतात, आणि मीही भान विसरून टाळ वाजवत होतो.

देवळाच्या पायऱ्यांपाशी वीणेकरी बुवांनी मला बाजूला घेतले. या माणसाला सगळे ठाऊक असावे, अशी आशा माझ्या मनात क्षणभर चमकून गेली.

"टाळ झकास हाय, काकाजी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "पण आता समजते, तुम्ही ठेक्याच्या जरा मागं असता. जुन्या टाळात थे ऐकू येत नव्हतं."

घरी परतल्यापासून मी रोज संध्याकाळी गच्चीवर पाऊण तास ठेका धरून बसतो. शेजारच्या मजल्यावरच्या खिडक्या त्या वेळी बंद होतात, हे माझ्या लक्षात आले आहे.