काशीच्या पायऱ्या आणि आईच्या सँडल

काशीला जायचं ठरलं तेव्हा आईची एकच अट होती, घाट चालत बघायचे. तिचं वय ६९, गुडघे दुखरे, आणि अस्सीपासून राजघाटापर्यंतची घाटांची रांग साडेसहा-सात किलोमीटरची. आम्ही गेलो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. पहाटे गंगेवरून गार वारा येतो, पण अकरा वाजले की घाटांच्या पायऱ्यांचा चुनारचा दगड तापायला लागतो.

आईने सकाळी फिरायला जायचे नाडीवाले बूट घातले होते आणि मी माझ्या कोल्हापुरी. दोन्ही वर्षभर वापरलेले, पायात मुरलेले. पायाला कधी काही लागलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते.

पहिल्याच सकाळी तुलसी घाटाच्या खालच्या पायरीवर मी घसरले. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ते कोरडं दिसतं. कोल्हापुरीचा चामड्याचा तळ चालून चालून गुळगुळीत होतो, भिजला की पाणी पितो आणि मग दगडावर त्याला पकडच राहत नाही. तळहात खरचटला, तेवढ्यावर निभावलं. आई माझा हात धरून उतरत असती तर काय झालं असतं, हा विचार मात्र दिवसभर गेला नाही. कोल्हापुरीला मी बोल लावणार नाही. ती आपल्याकडच्या कोरड्या मातीसाठी, उन्हातल्या वाटेसाठी घडलेली आहे. ओल्या पायऱ्यांवर तिला नेलं ही चूक माझी.

आईचा त्रास वेगळाच. काशीत दर पन्नास पावलांवर देऊळ. दुपारपर्यंत तिने सहा वेळा बूट काढले आणि घातले. गल्लीत बसायला जागा नसते, मग एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर, आणि वाकून नाडी. सातव्या देवळाशी ती म्हणाली, "अगं, मी बाहेरूनच नमस्कार करते." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन नाडीपायी तिने दर्शन सोडायचं?

संध्याकाळी गोदौलियाच्या बाजारात गेलो. चपला संध्याकाळीच घ्याव्यात, हे आईनेच मला लहानपणी शिकवलेलं. उन्हात दिवसभर चाललं की पाय सुजतात, सकाळी बेताची बसलेली चप्पल संध्याकाळी चावते. दुकानदाराने आधी मऊ, जाड गादीच्या चपला काढल्या. बोटाने दाबल्या की छान वाटतात, पण त्यांत टाच डुगडुगते. मी एकेक जोड हातात घेऊन वाकवून बघितली. बोटांच्या मुळाशी वाकते ती चांगली. मधोमध दुमडते ती तासाभरात तळपाय दुखवते. शेवटी रबरी तळाला खोल खाचा असलेल्या, पुढून बोटं झाकणाऱ्या, मागे पट्टा आणि वेल्क्रो असलेल्या सँडल मिळाल्या. गल्ल्यांत गाई असतात, शेण असतं, अंधारात उंचसखल फरशी असते. बोटं झाकलेली बरी. चामडं कुठेच नाही, म्हणजे भिजल्या तरी चिंता नाही. "माताजी, दो-चार कदम चलके देखिए," दुकानदार म्हणाला. आई दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढली-उतरली, मगच पैसे दिले. मीही तसलीच जोड घेतली. कोरी चप्पल प्रवासात घालणं धोक्याचंच, म्हणून पहिल्या दिवशी पातळ सुती मोजे घातले आणि टाचेला आधीच चिकटपट्टी लावली. फोड आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच विश्वनाथाला गेलो. २०२१ च्या डिसेंबरपासून ललिता घाटावरून थेट वर जाता येतं, पण आवार मोठं आणि आत सगळं अनवाणी. ऊन चढल्यावर तिथे पाय ठेवणं वयस्कर माणसाला अवघडच. आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं. आवारात त्यांचा पुतळा आहे, तिथे आई बराच वेळ हात जोडून उभी होती. बाहेर येऊन तिने उभ्या उभ्या पट्टा लावला. त्या दिवशी तिने एकही देऊळ सोडलं नाही. पंचगंगा घाटाच्या त्या उभ्या पायऱ्यासुद्धा थांबत थांबत चढली.

कोल्हापुरी मी शेवटच्या दिवशी सारनाथला घातल्या. सपाट, कोरडी वाट आणि झाडांची सावली; मूलगंधकुटी विहाराशी अंगठा सोडवला की पाय मोकळा. धामेक स्तूपाला आई माझ्यापुढे फेरी मारत होती. मागून करकर ऐकू आली की मान न वळवता विचारायची, "आलीस का गं?"